तोलाच्या पेशी, मेंदूतली रसायने आणि सात महिन्यांच्या गोळ्या

वाचकाचे पत्र, थोडक्यात

पत्रलेखिका 51 वर्षांच्या आहेत. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी अंथरुणातून उठताना त्यांच्याभोवतीची खोली गरगर फिरू लागली, उलट्या सुरू झाल्या आणि पुढचे दोन दिवस त्यांना उशीवरून डोके उचलता आले नाही. ऐकण्यात काही फरक पडला नव्हता. डाव्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेला सूज आल्याचे निदान झाले. कानात गरम आणि गार पाणी सोडून केलेल्या चाचणीत डाव्या बाजूचा प्रतिसाद कमी आला. मेंदूचा एमआरआय मात्र स्वच्छ निघाला. तेव्हा सुरू झालेल्या दोन गोळ्या, एक बीटाहिस्टीनची आणि दुसरी सिनारिझिन व डायमेनहायड्रिनेट एकत्र असलेली, आजतागायत चालू आहेत. गरगरणे केव्हाच थांबले, पण उभे राहिले की अंग हेलकावते, गर्दीत किंवा मोबाइलवरचा मजकूर भराभर सरकवताना पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. एकदा त्यांनी स्वतःहून दोन दिवस गोळ्या बंद केल्या, तेव्हा त्रास वाढला. त्यावरून त्यांच्या थोरल्या भावाने ‘तुझ्या मेंदूतली रसायने कमी पडत आहेत’ असे निदान केले आणि रक्तातून मेंदूची रसायने मोजून देणाऱ्या तपासणीची माहिती काढली. दरम्यान मेंदूविकारतज्ज्ञांनी जुन्या गोळ्या कमी करून तोलाचे व्यायाम करावेत आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध अल्प मात्रेत घ्यावे असे सुचवले. लेखिका विचारतात, ‘माझा आजार कानाचा आहे, मग मला मनाची गोळी का? व्यायाम केले की चक्कर वाढते, मग ते अपायकारक नाहीत का? आणि ती तपासणी करून घेऊ का?’

उत्तर

तुमच्या पत्रातले तिन्ही प्रश्न एकाच निष्कर्षावर उभे आहेत, म्हणून आधी तो निष्कर्षच पाहू. गोळ्या बंद केल्या, त्रास वाढला, म्हणजे मेंदूत काहीतरी कमी होते आणि गोळ्या ते भरून काढत होत्या, असे तुम्ही व तुमच्या भावाने धरले आहे. तुमच्या निरीक्षणाबद्दल शंका घेण्याचे काहीच कारण नाही. त्यावरून काढलेला अर्थ मात्र टिकत नाही, कारण तुमच्या दोन गोळ्यांपैकी एकही मेंदूतल्या कुठल्या रसायनाची तूट भरून काढण्यासाठी दिलेली नाही. त्यांतली एक तर एका रसायनाला पेशींच्या दारातच अडवते. हे नीट उलगडायचे तर तोलाच्या पेशींचे काम कसे चालते ते थोडे तपशिलात सांगावे लागेल, आणि तेवढा धीर तुम्ही धराल असे पत्रावरून वाटते.

हे वाचत असलेला कागद किंवा फोन डोळ्यांसमोर डावीकडे-उजवीकडे झपाझप हलवून पाहा. अक्षरे पुसट होतील. आता तो स्थिर धरा आणि ‘नाही’ म्हणताना हलवतो तशी मान तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरे बऱ्यापैकी वाचता येतील. दोन्ही वेळा डोके आणि कागद यांच्यातली हालचाल सारखीच होती, मग फरक कुठून आला? मान वळली की आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, त्यामुळे तिथल्या केसपेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात, केसपेशी ग्लुटामेट नावाचे उत्तेजक रसायन सोडतात आणि नसेतून निघालेला संदेश मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदू मणक्याकडे उतरतो त्या देठासारख्या भागात, पोहोचतो. तिथे प्रत्येक बाजूला चेतापेशींचे चार मुख्य पुंजके आहेत. त्यांना आपण तोलकेंद्रे म्हणू. त्यांतल्या काही पेशी डोळ्यांच्या स्नायूंना मानेच्या उलट दिशेला वळवतात, काही पाठीच्या कण्यातून खाली उतरून पायांचे स्नायू सावरतात. कानापासून डोळ्यापर्यंतच्या वाटेवर चेतापेशींचे अवघे तीन टप्पे आहेत आणि सगळे काम सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकते. मान झटकन डावीकडे वळवताना तुमची अक्षरे किंचित निसटत असतील, तर दुखावलेल्या डाव्या नसेची ती खूण समजा.

मान स्थिर असतानाही ही नस गप्प बसत नाही. माकडांमध्ये केलेल्या मोजणीत अर्धवर्तुळाकार नलिकांकडून येणारा एकेक तंतू विश्रांतीतही सेकंदाला सरासरी 90 च्या आसपास स्पंद पाठवताना आढळला आहे. डावीकडून आणि उजवीकडून येणारा हा ओघ सारखा असला की डोके स्थिर आहे असे मेंदू धरून चालतो. त्यातच दोन्हीकडची तोलकेंद्रे गाबा आणि ग्लायसिन या शामक रसायनांच्या मार्फत एकमेकांना सतत दाबून धरत असतात. ही अखंड चाललेली रस्सीखेच आहे. दोन्ही बाजूंचा जोर सारखा, म्हणून दोर जागचा हलत नाही. तुमच्या डाव्या नसेला सूज आली त्या सकाळी एका बाजूच्या गड्यांनी अचानक दोर सोडला. डाव्या केंद्रांना कानाकडून मिळणारे ग्लुटामेट आटले, आणि उजव्या बाजूच्या दाबाने ती केंद्रे होती त्याहून गप्प झाली. मेंदूने या तफावतीचा अर्थ ‘डोके उजवीकडे गरगर फिरते आहे’ असा लावला, डोळे त्याप्रमाणे हिसके देऊ लागले आणि खोली फिरू लागली.

आता पुढचा भाग महत्त्वाचा आहे. तुमची डावी नस आजही पूर्ववत झालेली नसण्याची शक्यता आहे, कारण अनेकांच्या बाबतीत गरम-गार पाण्याच्या चाचणीतली उणीव पुढेही कायम राहते. तरीही गरगरणे काही दिवसांत थांबले. ते थांबवले तुमच्या मेंदूने. डाव्या तोलकेंद्रांतील पेशी कानाकडून पुरेसे संदेश येत नसतानाही हळूहळू स्वतःच्या बळावर स्पंद सोडू लागल्या, गाबाच्या दाबाला त्या पूर्वीइतकी दाद देईनाशा झाल्या, आणि लहान मेंदूने, ज्याच्या पुर्किंजे नावाच्या पेशीही गाबाच वापरतात, आपला धाक कुठे वाढवायचा नि कुठे सैल करायचा ते नव्याने बसवले. म्हणजे तोलाची दुरुस्ती हीच मुळात रसायनांची नव्याने केलेली जुळवणी आहे. ती पेशींच्या पातळीवर, एकेका सांध्यावर, म्हणजे दोन चेतापेशी जिथे एकमेकींना संदेश देतात त्या जागी होते, आणि तिला दिशा मिळते ती चुकीतून. मान वळली, डोळा थोडा मागे पडला, अक्षर पुसट झाले, ही चूक लहान मेंदूला कळली की पुढच्या वेळी तो थोडा बदल करतो. चूकच घडू दिली नाही तर बदलायला कारणच उरत नाही. तोलाची एका बाजूची नस निकामी झालेल्या बबून माकडांना सुरुवातीच्या दिवसांत हालचाल करू दिली नाही, तेव्हा त्यांचा तोल सावरायला जास्त वेळ लागला. अंधारात ठेवलेल्या मांजरांच्या नजरेची स्थिरताही अशीच रेंगाळली. तुमच्या मनातल्या ‘चक्कर वाढते म्हणजे अपाय होतो’ या भीतीला यापेक्षा नेमके उत्तर मला सुचत नाही.

मग गोळ्यांचे काय? तोलकेंद्रांवर ग्लुटामेट आणि गाबा यांच्याखेरीज आणखी काही रसायनांचा अंमल चालतो. ती संदेश वाहून नेण्यापेक्षा पेशींची तयारी कमी-जास्त करतात: पेशी किती सहज चेतावी, आलेल्या संदेशाला किती जोरात उत्तर द्यावे, हे त्यांच्यावर ठरते. हिस्टामिन हे त्यांपैकी ठळक. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये हिस्टामिन तयार करणाऱ्या चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. माणसात या पेशी सुमारे 64 हजार भरतात, आणि तेवढ्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. आपण जागे आणि सावध असताना त्या कामावर असतात, झोपेत त्या शांत होतात. तोलकेंद्रांत पोहोचलेले हिस्टामिन एच-1 आणि एच-2 या ग्राहींवर, म्हणजे पेशीवरच्या रसायन ओळखणाऱ्या दारांवर, बसून तिथल्या पेशींना चेतवते. डायमेनहायड्रिनेट एच-1 ग्राही अडवते, सिनारिझिनही तेच करते आणि शिवाय पेशींत शिरणाऱ्या कॅल्शियमला आवर घालते. तोलकेंद्रे यामुळे मंदावतात, मळमळ कमी होते आणि झोपही येते, कारण जागे ठेवणारे रसायनही तेच.

डायमेनहायड्रिनेटचा हा उपयोग कळला तो अपघातानेच. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावरच्या गांधींसाठी ते औषध घेणाऱ्या एका स्त्रीने सांगितले की ट्रामने येताना तिला नेहमी होणारी मळमळ थांबली आहे. त्यावरून लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर या डॉक्टरांनी 1947 मध्ये न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या सैनिकांच्या जहाजावर त्याची चाचणी घेतली. अशा औषधाचा जन्म कुठे झाला हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: काही दिवसांचा समुद्रप्रवास, जो संपला की गोळीचेही काम संपते.

बीटाहिस्टीनची तऱ्हा उलटी. हिस्टामिनच्या पेशींवर एच-3 नावाचा ग्राही असतो, जो पुरेसे हिस्टामिन झाले की स्राव आवरता घेतो. बीटाहिस्टीन या ग्राहीला अडवते, त्यामुळे हिस्टामिनचा स्राव वाढतो. एच-1 ग्राहीला ते स्वतःही हलकेसे चेतवते. थोडक्यात, तुमची एक गोळी हिस्टामिनचे काम वाढवायला निघाली आहे आणि दुसरी त्याच हिस्टामिनला एच-1 च्या दारात अडवून धरते. अशी जोडी लिहून दिलेली सर्रास दिसते, आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ आवरण्यासाठी ती दिली तर त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. पण सात महिने दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवण्यामागचा तर्क मला लागत नाही. तो तुमच्या डॉक्टरांना विचारायला हवा, आणि विचारताना संकोचही वाटू देऊ नये.

बीटाहिस्टीनबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. प्रयोगातल्या मांजरांमध्ये त्याने तोल लवकर सावरला होता, आणि त्याच बळावर ते अनेक देशांत वर्षानुवर्षे दिले जाते. माणसांवरचा पुरावा मात्र इतका सरळ नाही. मेनिएरच्या आजारात, ज्यात चक्करीचे झटके आणि बहिरेपणा एकत्र येतात, जर्मनीतील 14 केंद्रांत 221 रुग्णांवर नऊ महिने केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी मात्रा, जास्त मात्रा आणि औषध नसलेली निष्क्रिय गोळी या तिन्ही गटांत झटके सारखेच कमी झाले. तुमचा आजार मेनिएरचा नाही, म्हणून तो निकाल तुम्हाला जसाच्या तसा लावू नये. पण ‘ही गोळी नसेल तर माझे काही खरे नाही’ ही धास्ती सैल करायला तो पुरेसा आहे.

आता तुमचा दोन दिवसांचा प्रयोग पुन्हा पाहू. सात महिने मंदावून ठेवलेल्या तोलकेंद्रांवरचा अंमल अचानक उठला, आणि अर्धवट राहिलेली जुळवणी एकदम उघडी पडली. त्यात मेंदू त्या गोळ्यांना सरावलेला, त्यामुळे काही दिवस त्रास वाढणे स्वाभाविकच होते. शिवाय दोन्ही गोळ्या एकाच वेळी बंद केल्यामुळे कोणत्या गोळीमुळे काय झाले हे कळण्याची सोयही राहिली नाही. चक्कर दडपणारी औषधे सुरुवातीच्या तीव्र उलट्या-गरगरण्यापुरती, साधारण दोन-तीन दिवस, वापरावीत आणि मग थांबवावीत, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात ते याच कारणासाठी. तुमच्या बाबतीत ती कशी कमी करायची हे तुम्हाला तपासलेले डॉक्टरच ठरवतील. मी इथून मात्रा सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. त्यांच्याकडे एवढे मात्र मागा की एका वेळी एकच गोळी कमी व्हावी, शक्यतो आधी तोलकेंद्रांना मंद करणारी, ती टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्यानंतर वाढलेला त्रास किती दिवस सोसायचा व कशानंतर फोन करायचा हे आधीच ठरलेले असावे. तुमच्यासारख्याच काही वाचकांना रात्रीसाठी क्लोनाझेपामसारखी शामक गोळीही दिलेली असते. ती गाबाचा परिणाम वाढवते, म्हणजे जो दाब कमी करायला तोलकेंद्रे धडपडत असतात तोच वाढवते. पण महिनोन्महिने घेतलेली ती गोळी एकदम बंद करणे धोक्याचे असते, आकडीही येऊ शकते. तिच्या बाबतीत स्वतःचे प्रयोग मुळीच करू नयेत.

रक्ताच्या तपासणीबद्दल फार लिहायला नको. सेरोटोनिन हेही मेंदूतले एक रसायन, पण शरीरातले बहुतेक सेरोटोनिन, सुमारे 90 टक्के, आतड्यांत असते आणि रक्तातून मेंदूत शिरण्याची त्याला मुभा नाही. हिस्टामिनचीही तीच कथा. रक्तातले हिस्टामिन ॲलर्जीबद्दल काही सांगेल, तोलकेंद्रांबद्दल नाही. आणि समजा मेंदूतली एकूण रसायने मोजता आली असती, तरी कोणत्या सांध्यावर कोणत्या पेशीने किती दाद द्यायची हे कोष्टकातल्या एका आकड्यात मावणारे नाही. तुमच्या भावाची काळजी खरी आहे. त्यांनी तपासणीऐवजी तुमच्याबरोबर रोज फिरायला यावे. त्याचा उपयोग का होईल ते पुढे येते.

राहिली ती ‘मनाची गोळी’. तुमच्या पत्रातला सगळ्यात दुखावलेला भाग हाच आहे. त्या ओळी वाचताना जाणवले की डॉक्टरांनी औषध सांगितले, पण त्यामागचे कारण सांगितले नाही. तुम्हाला आता जो त्रास आहे, म्हणजे उभे असताना, हालचालीत आणि डोळ्यांसमोर खूप काही हलत असताना वाढणारे हेलकावे, तेही बहुतेक दिवस आणि तीन महिन्यांहून अधिक काळ, त्या वर्णनाचा एक स्वतंत्र आजार 2017 मध्ये तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या बारानी सोसायटी या संस्थेने निकषांसह मांडला. डॉक्टर त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून पीपीपीडी म्हणतात. तुमच्या कागदांवर तो उल्लेख आहे का ते पाहा. ज्यांच्या नावाने ती संस्था चालते त्या रॉबर्ट बारानी यांनीच कानात गरम-गार पाणी सोडण्याची चाचणी रूढ केली, आणि 1914 चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. हा आजार बहुधा एखाद्या खऱ्या, शारीरिक झटक्यानंतर सुरू होतो. मूळ झटका ओसरतो, पण त्या दिवसांत शरीराने धरलेला सावध पवित्रा सुटत नाही. पाय ताठ राहतात, पावले आखडतात, डोळ्यांना दिसेल त्याच्यावर तोलाची मदार वाढते, आणि म्हणून सरकणारा मजकूर किंवा गर्दी जमीन हलवून टाकते.

या पवित्र्यालाही रसायनांचाच आधार आहे. मस्तिष्कस्तंभात सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन तयार करणारी केंद्रे आहेत, आणि दोन्हींचे तंतू तोलकेंद्रांपर्यंत जातात. उंदरांमध्ये तर असे आढळले आहे की सेरोटोनिनच्या केंद्रातील काही पेशींची एक शाखा तोलकेंद्रात जाते आणि दुसरी भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डालामध्ये. एकाच पेशीचे दोन हात दोन्हीकडे पोहोचत असतील तर ‘हे कानाचे की मनाचे’ हा तुमचा प्रश्न शरीररचनेच्या पातळीवरच निरर्थक ठरतो. उंचावर कठड्याशिवाय उभे राहिलेला निरोगी माणूसही ताठरतो आणि त्याचे अंग बारीक, जलद हेलकावे घेते; त्याला कोणी मनोरुग्ण म्हणत नाही. सर्ट्रालिनसारखी औषधे सांध्यांमधले सेरोटोनिन परत शोषले जाण्याचा वेग कमी करतात. नैराश्य नसलेल्या रुग्णांनाही ती या आजारात दिली जातात, ती या सावध पवित्र्याची धार कमी व्हावी म्हणून. पुरावा किती भक्कम आहे असे विचाराल तर सध्या मध्यमही म्हणता येणार नाही: बरे वाटल्याचे सांगणारे अभ्यास आहेत, पण निष्क्रिय गोळीशी काटेकोर तुलना करणाऱ्या चाचण्यांची उणीव आहे. म्हणून ‘घ्याच’ असे मी म्हणत नाही. तुम्ही ती नाकारलीत तरी चालेल, फक्त अपमान वाटला म्हणून नाकारू नका. आणि घ्यायचे ठरवलेत तर तीन गोष्टी आधी माहीत असू द्या. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ आणि डोके हलके होणे वाढू शकते, म्हणूनच सुरुवात अल्प मात्रेने करतात. फायदा दिसायला साधारण दोन-तीन महिने जातात. आणि थांबवताना ती हळूहळूच थांबवावी लागते, कारण एकदम सोडली तर चक्कर येणे हाच तिचा ठरलेला त्रास आहे. तुमच्या भावाने त्यावरूनही ‘रसायन कमी पडले’ असे म्हणायला नको.

माझ्या मते तुमच्यापुढच्या पर्यायांत सगळ्यात जड पारडे व्यायामाचे आहे, आणि ते तुम्ही सोडून दिले आहेत हे मला खटकले. तोलाच्या व्यायामांची पद्धत 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी बसवली आणि आज या विषयात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट ती रुग्णाप्रमाणे बदलून देतात. त्यातला एक पाया असा: हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, किंवा भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक मोठे अक्षर चिकटवायचे, नजर त्यावर रोखायची आणि मान डावीकडे-उजवीकडे अशा वेगाने हलवायची की अक्षर पुसट होऊ लागेल पण पूर्ण निसटणार नाही. त्या काठावर राहणे महत्त्वाचे. अक्षर सदैव सुस्पष्ट राहत असेल तर वेग फार कमी आहे आणि लहान मेंदूला शिकायला काही मिळत नाही; अक्षर हरवून उलटी येईल असे वाटत असेल तर वेग फार जास्त आहे. सुरुवात बसून, अर्धा ते एक मिनिट, दिवसातून थोड्या थोड्या वेळा. मग उभे राहून, मग पाय जवळ घेऊन, मग चालताना. व्यायामानंतर वाढलेली चक्कर पंधरा-वीस मिनिटांत खाली आली तर मात्रा योग्य आहे; ती दिवसभर रेंगाळली तर पुढच्या दिवशी वेग किंवा वेळ कमी करायचा, पण व्यायाम चुकवायचा नाही. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर आधी तपासून घ्यावे. पीपीपीडीमध्ये गर्दी आणि सरकत्या दृश्यांचीही अशीच हळूहळू सवय करावी लागते. ती टाळून बरे वाटते खरे, पण डोळ्यांवरची मदार सुटत नाही.

इथे भावाचे काम येते. तोलावर सतत पहारा ठेवला की अंग ताठरते आणि हेलकावे वाढतात; लक्ष दुसरीकडे गेले की ते बहुधा कमी होतात. म्हणून त्यांनी तुमच्याबरोबर चालावे, हात धरून नव्हे, आणि वाटेत तब्येत सोडून इतर कशाबद्दलही बोलावे.

याच विषयावर पत्रे लिहिणाऱ्या इतर वाचकांसाठी काही गोष्टी इथेच नोंदवतो. कूस बदलली किंवा वर पाहिले की काही सेकंद गरगरते आणि मग थांबते, असे होत असेल तर बहुधा आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक जागा सोडून नलिकेत शिरलेले असतात. तिथे रसायनांचा काही संबंध नाही आणि गोळीने स्फटिक परत जात नाहीत. डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या, जॉन एप्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृतीने ते अनेकदा एक-दोन वेळांतच जागेवर येतात. ज्येष्ठांच्या बाबतीत सिनारिझिन आणि उलटीवरचे प्रोक्लोरपेराझिन यांच्याकडे जास्तच लक्ष ठेवावे लागते, कारण ती डोपामिन या हालचालींशी निगडित रसायनाचे ग्राहीही अडवतात आणि दीर्घकाळ घेतल्यास हात थरथरणे, हालचाली मंदावणे, पाऊल घसटत पडणे अशी पार्किन्सनसारखी लक्षणे येऊ शकतात. मग तोल सावरण्यासाठी सुरू केलेल्या गोळीमुळेच माणूस पडतो, आणि पडला म्हणून गोळी वाढवली जाते. घरातल्या ज्येष्ठांच्या औषधांच्या यादीत ही नावे वर्षानुवर्षे असतील तर ती यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. आणि चक्करीबरोबर एकाचे दोन दिसणे, बोबडे बोलणे, चेहरा किंवा एक बाजू लुळी पडणे, अचानक तीव्र डोकेदुखी, अचानक बहिरेपणा किंवा आधाराशिवाय उभेही राहता न येणे यांपैकी काहीही असेल, तर ना व्यायाम करावेत ना हे सदर वाचत बसावे. तडक रुग्णालय गाठावे.

तुम्ही पुढच्या भेटीला जाताना चालू गोळ्यांची नावे, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एका कागदावर लिहून न्या, आणि आठवडाभर रोज कोणत्या प्रसंगी किती हेलकावे आले याची दोन ओळींची नोंदही. डॉक्टरांना विचारा की पीपीपीडीचे निकष तुमच्या बाबतीत पूर्ण होतात का, मंदावणारी गोळी किती आठवड्यांत बंद होईल, आणि अर्धशिशीशी निगडित चक्करीची शक्यता त्यांनी तपासली आहे का, कारण तुमच्या पत्रात तरुणपणच्या डोकेदुखीचा ओझरता उल्लेख आहे आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचला आहे की नाही हे कळत नाही. तसे असेल तर औषधांची निवडच बदलू शकते. व्यायाम नियमित सुरू करून आणि जुन्या गोळ्या उतरवून तीन महिन्यांनीही फरक पडला नाही, तर त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि निदानच नव्याने तपासायला सांगा. सर्ट्रालिनचा निर्णय मात्र या भेटीतच घ्यायला हवा असे नाही. आधी एक गोळी कमी होऊ द्या, व्यायाम अंगवळणी पडू द्या, आणि मग काय उरते ते पाहून ठरवा.